कॅनक चेसवरची हाक

आमच्या मिल्टन कीन्सच्या मराठी मंडळात कुणी स्कॉटलंडला जातं, कुणी लेक डिस्ट्रिक्टला, आणि परत आल्यावर ग्रुपवर फोटोंचा नुसता पाऊस पाडतं. मी कॅनक चेसला जाऊन आले म्हटल्यावर पहिला प्रश्न आला, "तिथे बघण्यासारखं आहे काय?" आहे काय म्हणजे? डोंगर आहेत. आपल्या सह्याद्रीपुढे टेकाडंच म्हणायची, पण आहेत. जंगल आहे, हरणांचे कळप आहेत, आसपास वाइनसाठी लावलेले द्राक्षांचे मळे आहेत, आणि ऐन डोंगरावर जर्मन सैनिकांचं भलंमोठं कब्रस्तान आहे. आणि हे सगळं बर्मिंगहॅमच्या डोक्यावर. तरी फोटो मी एकही टाकला नाही.

जायची टूम माझ्या बाबांची. आईबाबा पुण्याहून आमच्याकडे राहायला आले होते. बाबा तरुणपणी पिंपरीच्या एका कारखान्यात होते, तिथून त्यांना मशीन शिकायला जर्मनीला पाठवलं होतं. वर्षभर राहिले असतील, पण तेव्हापासून जर्मन भाषा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. आमच्या लायब्ररीत त्यांना कॅनक चेसचं माहितीपत्रक सापडलं, त्यात त्या कब्रस्तानाचा फोटो होता. झालं. सकाळ-संध्याकाळ एकच धोशा. आईचं म्हणणं वेगळं. "लोक परदेशात राजवाडे बघतात, आणि यांना मेली स्मशानं बघायची हौस!"

माझी काळजी तिसरीच होती. बाबांना डायबेटिस आहे, जेवायच्या आधी इन्सुलिन घ्यावं लागतं. घेतलं आणि जेवायला उशीर झाला की साखर धाडकन उतरते. गेल्या वर्षी ते असेच सोसायटीच्या जिन्यात कोसळले. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी बघितलं म्हणून वाचले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, पुन्हा असं एकटे असताना झालं तर धडगत नाही. म्हणून मी बजावलं होतं, फिरा हवे तितके, पण नजरेआड व्हायचं नाही.

शनिवार, मळा

नवरा हॉस्पिटलात ऑन-कॉल, त्यामुळे तो सुटला. माझी लेक ईशा बर्मिंगहॅमला युनिव्हर्सिटीत शिकते, तिला वाटेत उचललं. गाडीत बसता बसता तिने आजोबांना विचारलं, "आजोबा, तुमचा जर्मन अजून चांगला आहे का?" बाबा म्हणाले, "तुझ्या मराठीपेक्षा बरी आहे." ती खो खो हसली. ती इथेच जन्मली, मराठीत कोण 'तो' आणि कोण 'ती' हा घोळ तिच्या जन्माला पुजलेला आहे, पण बोलते बापडी आजीआजोबांशी, इंग्रजीत पळून जात नाही.

दुपारी मळ्यावर पोचलो. मालकीणबाई चिखलाच्या बुटांतच सामोऱ्या आल्या. तोडणी नुकती संपली होती. काही रांगांवर पाखरांपासून बचावाला टाकलेली पांढरी जाळी तशीच होती, वाऱ्याने फुगायची आणि बसायची. आईने लगेच माझा दंड धरला. "अगं, चादरी घालून माणसं निजवल्यासारखं दिसतंय," म्हणाली. म्हणाली आणि मलाही तसंच दिसायला लागलं.

बाईंनी वेलींची जात सांगितली, राइखनश्टायनर. आमचे बाबा जागेवरच उडाले. म्हणजे वेलसुद्धा जर्मनच! इथल्या थंडीत आपली नाशिकची द्राक्षं कुठली तगायला, म्हणून कधीकाळी तिकडच्या जाती आणून लावल्या, त्या रुजल्या. बाबांनी वाइनचा एक घोट जिभेवर खेळवला आणि पुढचं अर्धं भाषण जर्मनमध्ये केलं. बाईंना एक अक्षर कळलं नसणार, पण मान मात्र छान डोलवत होत्या. आईने वाइनला हात लावला नाही, चीज मात्र दोनदा घेतलं. वेलीवर राहिलेला एक मणी तोंडात टाकून तिने डोळे गच्च मिटले. "चिंच बरी," म्हणाली.

मुक्काम डोंगराच्या पायथ्याच्या गावात, एका आजीबाईंच्या घरी. संध्याकाळपासून मागच्या रानातून एक आवाज यायला लागला. ढेकर आणि घोरणं यांच्या मधला, खोल, थांबून थांबून. आजीबाई म्हणाल्या, हरणांचा माजावर यायचा मोसम आहे, नर माद्यांना साद घालतात. हरीण असं ओरडतं? मी तर म्हशीचा गळा कुणी आवळतंय असं समजले होते. आईने खिडकी लावून घेतली, पडदा ओढला आणि रामरक्षा म्हणायला बसली.

रविवार, काळे दगड

सकाळी आजीबाईंनी बीन्स, मश्रूम, अंडी असा थाळाभर ब्रेकफास्ट वाढला. आईने टोस्टला आपली शेंगदाण्याची चटणी लावली, आजीबाईंनाही लावून दिली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यांनी आणखी मागितली. दुपारच्या जेवणाला आईच्या दशम्या होत्याच बरोबर. कब्रस्तान पाचदहा मिनिटांत बघायचं, मग गाडीतच जेवायचं, असं ठरलं. त्या हिशेबाने बाबांनी कार पार्कमध्येच इन्सुलिन टोचून घेतलं. मला न सांगता. हे मला नंतर कळलं.

आम्ही चौघं आत गेलो. इथल्या चर्चबाहेरच्या थडग्यांवर फुलं असतात, कुणीतरी नुकतं येऊन गेलेलं असतं. इथे तसलं काही नाही. उतारावर खालपर्यंत सारखे, बुटके, काळपट दगड, मध्ये वाळलेलं हेदरचं झुडूप, कडेला भूर्जाची पांढरी झाडं. दोन्ही महायुद्धांत जे जर्मन या देशात मेले, कैदी म्हणून, विमानातून पडून, समुद्रातून वाहत येऊन, त्यांतले कितीतरी इथे आणून ठेवलेत. वयं वाचवत नव्हती. ईशाएवढी पोरं.

बाबांनी टोपी काढली आणि पहिल्या रांगेपासून नावं वाचायला लागले. मनात नाही, मोठ्याने. खणखणीत जर्मन उच्चारात, शाळेत हजेरी घेतल्यासारखे. एक नाव, थांबायचं, पुढचं नाव.

आई कासावीस झाली. "अहो, असं करू नका. मेलेल्यांना नावाने हाका मारू नयेत."

"अगं, इतक्या वर्षांत यांची नावं कुणी नीट उच्चारली नसतील," बाबा म्हणाले. "इंग्रजांना कुठे जमतंय! मी आलोय तर वाचतो."

एका दगडाशी मात्र ते अडखळले. त्यावर नाव नव्हतं, नुसतं 'एक जर्मन सैनिक' एवढंच होतं. "याला काय म्हणायचं?" असं पुटपुटले आणि त्या दगडापुढे सगळ्यांत जास्त वेळ उभे राहिले. खालच्या रानातून तो कालचा आवाज परत आला.

पाचदहा मिनिटं कसली, तासावर वेळ गेला. शेवटी मी दटावून त्यांना बाहेर काढलं. कार पार्कात आईने आणखी एक कार्यक्रम लावला. स्मशानातून आल्यावर पाय धुतल्याशिवाय ती अन्नाला शिवू देणार नव्हती. ईशाला म्हणाली, "तुझी ती पाण्याची बाटली आण." येणारेजाणारे बघताहेत, आणि आम्ही ऑक्टोबरच्या थंडीत मोजे काढून एकेका पायावर उभे! मी ईशाचे पाय पुसत असताना बाबा म्हणाले, "तुमचं चालू द्या. दगडांच्या मागच्या बाजूलाही नावं आहेत, ती राहिली. एक रांग बघून आलोच."

"बाबा, आधी जेवा," मी म्हटलं. वर बघितलं तोवर ते फाटकातून आतही गेले होते.

धुकं

इकडे धुकं येतं ते आपल्या घाटासारखं तरंगत येत नाही. दरीतून वर येतं आणि बसतं. दशम्या काढेपर्यंत फाटक दिसेनासं झालं होतं. मी आत धावले. बाबा नव्हते. वरपासून खालपर्यंत सगळ्या रांगा पालथ्या घातल्या. हाक मारली की ती तोंडासमोरच पडायची. फोन लावला, तो गाडीतल्या सीटवर वाजला. त्याच्या शेजारी ग्लुकोजच्या गोळ्यांची डबी होती आणि वापरलेलं इन्सुलिनचं पेन. ते पेन बघितलं आणि मी ओरडले.

"आई, यांनी टोचून घेतलंय!"

आईला सगळं कळलं.

कार पार्कमध्ये एक बाई कुत्रं घेऊन निघाल्या होत्या. ईशाने त्यांना गाठलं. बाई रोजच्या फिरणाऱ्या, म्हणाल्या, कुंपणाबाहेरची पायवाट रानातून दरीकडे जाते, बहुतेक तिकडे भरकटले असतील. ईशाने इमर्जन्सीला फोन केला, मदत निघाली, पण या धुक्यात वेळ लागणार होता. साखर उतरायला तेवढा वेळ लागत नाही. तिला मदतीची वाट बघायला गाडीपाशी ठेवून, गोळ्यांची डबी घेऊन मी, आई आणि त्या बाई अशा तिघी पायवाटेला लागलो. दोन्ही बाजूंनी कमरेएवढं तपकिरी नेचं, पुढे पाइनची काळी भिंत.

मी "बाबा! बाबा!" म्हणून घसा फोडत होते. आई "अहो! अहो!" करत होती. उत्तराला फक्त ती हरणं, एकदा डावीकडून, एकदा पाठीमागून. चालता चालता आई थबकली.

आता हे इथल्या पोरांना सांगून कळत नाही. माझ्या आईने उभ्या जन्मात बाबांना नावाने हाक मारलेली नाही. नाव घ्यायचं ते उखाण्यात, ते सुद्धा लाजत. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं तिच्या आईने तिच्या मनावर बिंबवलंय. बँकेत कुणी विचारलं तर ती माझ्याकडे बघते आणि मी सांगते. पण त्या क्षणी तिला वाटलं असणार, 'अहो' काय, कुणालाही लागू पडतं. या रानात तर कोण कोण ऐकत असेल. तिने तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "माधव!"

मी सटपटलेच. आवाज फाटला होता, पण होता खणखणीत. आणि ओरडल्याबरोबर तिने स्वतःचं तोंड पदराने दाबून धरलं आणि रडायला लागली. "काय केलं मी हे, काय केलं!" मी तिला जवळ घेतलं. हरणंसुद्धा गप्प झाली होती. कितीतरी वेळ कसलाही आवाज नव्हता. आम्ही कान देऊन ऐकत होतो.

मग बाईंचं कुत्रं एकाएकी ताणायला लागलं, वाट सोडून, उजवीकडे. त्याच्यामागे आम्ही नेच्यात घुसलो. आई परत आपल्या "अहो, अहो"वर आली होती, आता कुजबुजल्यासारखी. आणि अगदी जवळून, खालच्या बाजूने, बाबांचा आवाज आला. "अगं, इकडे. हळू ये. तो उभा आहे."

तो म्हणजे हरीण. पंजासारख्या पसरट शिंगांचा नर, धुक्यात काळाच दिसत होता, बाबांपासून हातभर अंतरावर आडवा उभा. बाबा ओल्या नेच्यात फतकल मारून बसलेले, घामाने डबडबलेले, हात लटलट कापताहेत. कुत्रं भुंकलं तेव्हा त्या हरणाने आमच्याकडे सावकाश मान वळवली आणि ते निघून गेलं. जिथे ते उभं होतं त्याच्या पलीकडे जमीनच नव्हती. खडी काढलेली जुनी खाण, खाली पाणी. बाईंनी बघितलं आणि त्यांच्या तोंडून एक शिवी गेली.

मी बाबांच्या तोंडात ग्लुकोजच्या गोळ्या कोंबल्या. आई त्यांचं डोकं पोटाशी धरून बसली. मला इतका राग आला होता आणि इतकं हायसं वाटत होतं की मी त्यांना भरपूर बोलले आणि बोलता बोलता रडले. ईशा मदतीच्या माणसांना घेऊन आली तोवर बाबा सावरून त्या माणसांची माफी मागत होते.

गाडीत दशमी खाताना बाबांनी सांगितलं. रांगेच्या टोकाला कुंपणाचं छोटं दार उघडं होतं, धुक्यात तिथूनच बाहेर पडले, वाट चुकले, पाय लटपटायला लागले तसे एका ओंडक्यावर टेकले. "तेवढ्यात पाठीमागून कुणीतरी मला नावाने हाक मारली. आवाज थेट हिचा. मी म्हटलं, ही कसली नावाने हाक मारते! गप्प बसलो." बाबांचं लहानपण राजापूरकडच्या आडगावात गेलं. तिकडे पोरांना शिकवतात, रानात पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तो पुन्हा हाक मारतो. जे माणूस नसतं, ते एकदाच मारतं.

"मग?" ईशाने विचारलं. घास तिच्या हातातच राहिला होता.

"मग पुन्हा हाक आली. या वेळी समोरून, पाइनच्या बाजूने. आणि लगेच तिसरी. तसा माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, हिचीच हाक, घाबरून नावाने मारतेय बिचारी. ओ दिली आणि निघालो त्या दिशेने. तर मध्ये हा शिंगाड्या येऊन उभा. मी डावीकडे गेलो की तो डावीकडे. शेवटी बसलो खाली." ते आईकडे वळून हसले. "तीनदा नाव घेतलंस की गं माझं!"

मी आरशातून आईकडे बघितलं. ती डबा बंद करत होती.

"हो," ती म्हणाली. "घेतलं. मग काय करणार?"

परत घरी

दुसऱ्या दिवशी बाबा बाहेर रेडवेवर, म्हणजे आमच्या गावातल्या पायी चालायच्या लाल रस्त्यावर, फेरी मारायला गेले, नवरा सोबतीला होता, मीच पाठवलं होतं. आई स्वयंपाकघरात कणीक मळत होती. मळता मळता थांबली.

"तू माझ्या शेजारीच होतीस ना? मी कितीदा हाक मारली?"

"एकदाच," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की. नंतर तू रडायलाच लागलीस."

तिने मान हलवली आणि परत कणकेला लागली. मी म्हटलं, आई, साखर उतरली की भास होतात, आणि त्या कुत्रेवाल्या बाईही म्हणाल्या की धुक्यात मागचा आवाज तिथे पुढून येतो. मी फार्मासिस्ट आहे, असल्या गोष्टी मला तोंडपाठ आहेत. तिने सगळं ऐकून घेतलं. "असेल," म्हणाली. "पण त्यांना सांगू नकोस." मी अजून सांगितलेलं नाही. हे मराठीत छापून आलं तरी बाबा वाचणार नाहीत, ते हल्ली फक्त जर्मन वाचतात.

महिन्याभराने ते दोघं पुण्याला परतले. परवा बाबांचा फोन आला, आवाजात नुसतं कौतुक. "तुझ्या आईला इंग्लंडचं वारं लागलं बरं का! दिवसभर मला नावाने हाक मारते. माधव चहा घे, माधव दार उघड. काल गॅलरीतून, सगळ्या सोसायटीसमोर! लोक हसायला लागलेत."

मी म्हटलं, आईला द्या. ती फोन घेऊन आतल्या खोलीत गेली, दार लावल्याचा आवाज आला.

"आई, आयुष्य घटतं म्हणायचीस ना?"

"घटतं तर घटू दे थोडं," ती म्हणाली. "त्या दिवशी माझी हाक त्यांनी सोडून दिली आणि दुसऱ्याच्या हाकेला ओ दिली. मी नाव घेते तेव्हा कसं घेते, हे आता त्यांच्या कानाला पक्कं व्हायला हवं." मग दार उघडलं, आणि फोन कानाशीच धरून ती ओरडली, "माधव! गोळ्या घेतल्या का?"

बाहेरून बाबांची ओ आली नाही. ती थांबली. मीही इकडे श्वास धरून थांबले. तिने पुन्हा हाक मारली, तेव्हा ते म्हणाले, "आलो गं."